दोन जावा, एक माऊस आणि मी

थोरलीला मिळवायचं होतं ते एवढंच: पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पहिलं नाव. धाकटीलाही तेच हवं होतं. माऊसला टेबलाची उजवी बाजू आधीच मिळाली होती. राहिलो मी, आणि मला फक्त बोटं हवी होती. मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि बोलता बोलता माझा सूर थोडा आंबट लागला तर सांभाळून घ्या. माझं निम्मं आयुष्य दुसऱ्याचा हेवा करण्यात गेलं आहे.

आमच्या पिढीची बांधणी दणकट होती. अंग जड, आवाज खणखणीत. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर एकेक बटण माझ्या अंगात बसवलं गेलं आणि शेवटी एका बाईनं प्रत्येक बटण दाबून पाहिलं. दुकानात मात्र मी बरेच दिवस पडून होतो. एक दिवस थोरली आली, डोळे मिटून माझ्यावर स्वतःचं नाव टाइप केलं आणि दुकानदाराला म्हणाली, “हाच द्या.” त्यानंतर असं माझ्याबद्दल कुणीही म्हटलेलं नाही, म्हणून ते मी अजून जपून ठेवलं आहे.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. थोरलं कुटुंब वर राहायचं, धाकटं खाली, आणि जिन्याखालची कॉम्प्युटरची खोली दोघांत सामाईक. दोघी एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि दोघींचा अभ्यास वाळवीवर. बाकीच्या घरांत वाळवी लागू नये म्हणून औषध मारतात. आमच्या घरात ती काचेच्या पेटीत ठेवून तिला लाकूड खाऊ घालत. दोघींचे नवरे फर्निचर लोखंडाचंच घ्यायचे.

वाळवीवर मोठं पुस्तक लिहायचं असेल तर आधी कोणी काय लिहून ठेवलं आहे त्याच्या नोंदी लागतात: लेखक, शीर्षक, साल, पानं. त्या सांभाळायला एक सॉफ्टवेअर असतं. थोरलीकडचं जुनं होतं, आणि ते म्हणजे माझं राज्य. नवी नोंद उघडली की रिकामे रकाने समोर यायचे आणि प्रत्येक रकाना बोटांनीच भरावा लागायचा. नियतकालिकाच्या नावाची दोन-तीन अक्षरं दाबली की बाकीचं नाव आपोआप यायचं. माझ्या वरच्या रांगेतल्या एका बटणाला तर विशेष मान होता. ते दाबलं की आधीच्या नोंदीत जे असेल ते जसंच्या तसं खाली उतरायचं. लेख वाचून झाला की थोरली शेवटच्या मोठ्या रकान्यात स्वतःची टीप लिहायची: यात काय पटलं, काय नाही, लेखकानं कुठे थाप मारली आहे. त्या टिपा लिहिताना ती हसायची. माझी ती सुखाची वर्षं.

मध्ये एक काळ असा आला की धाकटी पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि तिची तान्ही मुलगी थोरलीकडे राहिली. मुलगी गोल गरगरीत, म्हणून तिचं नाव पडलं गुंडी. गुंडी मांडीवर, थोरलीचा डावा हात तिला थोपटतोय, उजवा माझ्यावर. एका हातानं किती टाइप करणार? ते नकलेचं बटण तेव्हा फार कामाला आलं.

मग धाकटी परत आली आणि तिच्याबरोबर नवं सॉफ्टवेअर आलं. सोबत नवा माऊस. पोटाखाली लाल दिवा, पाठ गुळगुळीत, आणि काम काय, तर इथून तिथे सरकायचं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हल्लीच्या लेखांवर छापलेला असतो तो क्रमांक चिकटवून एक क्लिक केलं की सगळी माहिती नेटवरून आपोआप रकान्यांत येऊन बसायची. क्लिक कुणाचं? त्याचं. शाबासकी कुणाला? त्यालाच. धाकटी त्याच्यावर हात ठेवूनच चहा प्यायची. माझ्यावर फक्त बिस्किटाचा चुरा पडायचा.

वाळवीवरचं पुस्तक दोघींनी मिळून लिहायचं ठरलं होतं. प्रकाशकाकडच्या संपादिकेनं फोनवर सांगितलं की दोघींच्या नोंदी एकाच सॉफ्टवेअरमध्ये हव्यात. कोणत्या, ते तुम्ही तुलना करून ठरवा. पहिल्या नावाचं विचारल्यावर ती म्हणाली, जिच्या नावावर नोंदी जास्त, तिचं नाव आधी. मला तुमच्या घरात ओढू नका.

तुलना झाली ती ऐकण्यासारखी. थोरलीनं परीक्षेला काढले जुने पिवळे अहवाल, ज्यांना क्रमांकच नव्हता. धाकटीनं काढले अगदी ताजे लेख, ज्यांना क्रमांकाशिवाय दुसरं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. दोघींनी प्रश्नपत्रिका आपापल्या सोयीची काढली होती. पिवळ्या अहवालांपुढे माऊस नुसता फिरत राहिला आणि मी खटाखट नोंदी भरल्या. ताज्या लेखांत त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकलं, पण आलं काय? एका नोंदीत लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं. एकीत लेखक म्हणून चक्क “ग्रंथालय विभाग” येऊन बसला होता. थोरली म्हणाली, “विभागाला बरा वेळ मिळाला गं वाळवीवर लिहायला.” मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

पण खरं ते सांगायला हवं. दुरुस्तीच्या बाबतीत नवं सरस होतं. जुन्यात एखादं चुकलेलं नाव सुधारायचं तर प्रत्येक नोंद वेगळी उघडावी लागायची आणि हातून चूक झाली तर मागे फिरायची सोय नव्हती. नव्यात सगळीकडचं नाव एका दमात बदलायचं आणि केलेलं मागेही घेता यायचं. थोरलीनं ते पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मान डोलावली. चेहरा मात्र कारलं चावल्यासारखा.

थोरलीच्या सगळ्या नोंदी नव्यात आणून ठेवायला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. काम झाल्यावर त्यानं विचारलं, जुनं राहू द्यायचं का? थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी माऊसवर हात ठेवून बसली होती.

“काढूनच टाका,” थोरली म्हणाली. “डोळ्यासमोर नको.”

“फाइलसकट?”

“सगळं.”

रागात टाकलेला शब्द तिला पुढे किती जड जाणार होता, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये आपापल्या नावानं शिरायचं असतं, आणि प्रत्येक नोंदीखाली ती भरणारीचं नाव दिसतं. शिरायला पासवर्ड लागतो. तो रोज माझ्यावरच टाइप व्हायचा, त्यामुळे दोघींचे पासवर्ड मला तोंडपाठ. माऊसला ते कधीच कळले नाहीत. त्याच्यापेक्षा माझ्यापाशी जास्त असलेली ही एकच गोष्ट.

आता बऱ्याच लेखांच्या नोंदी दोन-दोन झाल्या होत्या, एक थोरलीची आणि एक धाकटीची. सॉफ्टवेअर त्या शेजारी शेजारी मांडून विचारायचं, यातली कोणती ठेवू? जी ठेवाल तिच्याखालचं नाव टिकणार. मित्रांनो, आता तुम्हीच ओळखा. थोरली सकाळी बसायची आणि यादीच्या सुरुवातीपासून निवडत यायची. धाकटी दुपारी बसायची आणि शेवटाकडून. दोघीही प्रत्येक वेळी स्वतःचीच नोंद ठेवायच्या. दुसरीच्या नोंदीत काय आहे ते वाचायची तसदी कुणीच घेतली नाही. क्लिक, क्लिक, क्लिक. यादीच्या मधोमध दोघी भेटल्या तेव्हा धाकटीनं टाकाऊ नोंदींची कचरापेटीही रिकामी करून टाकली. ती फार नीटनेटकी.

काही दिवसांनी संपादिकेचा फोन आला. तिनं विचारलं, यादीच्या पहिल्या भागात इतके सगळे लेख एकाच साली कसे? त्या वर्षी जगात दुसरं काही चाललं नव्हतं का? फोन ठेवून थोरली घाईनं यादी उघडायला बसली. साल तपासताना तिला स्वतःची एक टीप हवी होती, ती यादीच्या दुसऱ्या भागात होती. रकाना कोरा. पुढचा कोरा. त्याच्या पुढचाही.

“माझ्या टिपा कुठे आहेत?”

“तुमच्या टिपांचं नंतर बघू, ताई,” धाकटी म्हणाली. “माझी बरोबर सालं तुम्ही कुठे टाकलीत ते आधी सांगा.”

मग जे झालं ते सगळं सांगत नाही. दोघींनी घरातली सगळी जुनी उणीदुणी काढली, त्यात वाळवीच्या पेटीला झाकण कोण लावत नाही हेही आलं. दुरुस्तीवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हीच सगळं म्हणाला होतात.” सासूबाई दाराशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“एकमेकींचं टाकलंत,” त्या म्हणाल्या, “आता एकमेकींचं भरा.”

तसंच करावं लागलं. थोरलीच्या नोंदींतली सालं धाकटीनं मूळ लेखांवरून एकेक करून दुरुस्त केली. टिपांचं काम जास्त किचकट होतं. थोरलीनं कपाटातून लेखांचे गठ्ठे काढले, पुन्हा वाचले आणि ती सांगत गेली. तिचे दोन्ही हात कागदांत, म्हणून टाइप धाकटी करायची. धाकटीची बोटं माझ्यावर अशी प्रथमच चालत होती. माऊस कडेला पडून होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

पण एक गोष्ट मला दिसत होती आणि थोरलीलाही. धाकटी तिच्या स्वतःच्या नावानं शिरली होती. थोरली सांगत होती, आणि भरलेली प्रत्येक टीप नवी नोंद धरली जाऊन तिच्याखाली नाव धाकटीचं उमटत होतं. थोरलीची नजर तिथे जायची, परत कागदावर यायची. ती सांगत राहिली.

एका लेखापाशी थोरली म्हणाली, “लिही, या गृहस्थानं वारूळ लांबूनच पाहिलेलं आहे.” धाकटी हसली आणि तिची बोटं थांबली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. माऊस ओढून घेतला आणि ती सॉफ्टवेअरमधून बाहेर पडली.

“ताई, तुमचा पासवर्ड सांगा.”

“कशाला?”

“टिपा तुमच्या आणि नाव माझं लागतंय.”

“सरक, मी टाकते.”

“हातातले कागद विस्कटतील. सांगा ना.”

थोरलीनं खिडकीकडे बघत सांगितलं, “गुंडी. पुढे तिचं जन्मसाल.”

माझ्या बटणांवर धाकटीची बोटं नुसतीच टेकून राहिली.

“कधीपासून?”

“तू बाहेरगावी होतीस तेव्हापासून. जुन्यालाही हाच होता,” थोरली म्हणाली. “बदलायचा राहून गेला.”

एकाच सालाचे ते लेख कुणी, कोणत्या दिवसांत आणि कोणत्या हातानं भरले होते, हे धाकटीला तेव्हा कळलं असावं.  तिनं एकेक अक्षर हळू दाबलं.

पुस्तक आलं. थोरलीचं नाव आधी, धाकटीचं नंतर. आभारांत नवरे आहेत, सासूबाई आहेत, दुरुस्तीवालाही आहे, मी नाही. त्याच महिन्यात एक चपटा, मुका कीबोर्ड आला आणि मी माळ्यावरच्या खोक्यात गेलो. थोड्याच दिवसांत वरून माऊसही येऊन पडला. त्याच्या जागी बिनवायरचा आणला होता. आता त्याची वायर माझ्या वायरीत गुंतली आहे आणि अंधारात त्याचा लाल दिवाही लागत नाही. ज्याच्यावर मी इतकी वर्षं जळलो, तो फार थोडी जागा व्यापतो.

मित्रांनो, आमच्यावर चुरा सांडू नका, ओलं फडकं फिरवू नका. आणि दोन नोंदींतली एक टाकायची वेळ आली तर दोन्ही वाचून मगच टाका.

आता शेवटचा हिशेब. पहिलं नाव थोरलीला मिळालं, ते धाकटीनं दिलं. धाकटीला बिनचूक पुस्तक मिळालं, त्यासाठी थोरलीनं स्वतःचं वाचन दुसऱ्यांदा खर्ची घातलं. माऊसनं काहीच दिलं नाही. माझ्या अंगावरची काही अक्षरं रोजच्या बोटांनी पार पुसून गेली आहेत. जुळवून पाहिलीत तर त्यांत गुंडीचं सगळं नाव सापडेल. तेवढी किंमत मी दिली, आणि तेवढ्यापुरता मला कुणाचाही हेवा वाटत नाही.