कंपनीच्या टेपमागं

अरीबानं पत्र्याच्या दोन्ही चाव्या गाडीतल्या टेपच्या कडेच्या फटींत सरकवल्या, खालचा ओठ दातांत धरला आणि कंपनीचा टेप डॅशबोर्डातून ओढून काढला. टेप आला निमूट. पण त्याच्या मागोमाग कुजका वास भसकन बाहेर आला.

"ईऽऽ! शीऽऽ!" ती दारातून अर्धी बाहेर लोंबकळली आणि दोनदा थुंकली.

"आला का?" दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसलेले राजशेखरकाका खुशीत हसले. "चला, म्हंजे मला एकट्यालाच येत न्हाय तर. घरात समदी म्हणत्यात, तुमच्या पायांचाच वास हाय."

"पायांचा न्हवं ओ काका. आत काहीतरी मेलंय."

"आमची अव्वा बी हेच म्हणती. गाडीत कापूर जाळून झाला, इभूतीची पुडी ठेवून झाली. वास काय हलंना."

गाडी पंधरा वर्षांची, चौकोनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली. गारगोटीच्या पलीकडं डोंगरात काकांची काजूची बाग होती आणि तिथवर दुसरं कुठलंही वाहन चढत नव्हतं. पण गाडीच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. हॉर्न आपोआप वाजायचा, काचा मध्येच अडकायच्या. गेल्या महिन्यात तर तिन्हीसांजेला घाटातल्या वळणावर दिवे आणि इंजिन एकदमच गेलं होतं. मागून उसाचा ट्रक येत होता. तो थांबला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती, आणि मागच्या सीटवर काकांची अव्वा, म्हणजे त्यांची आई रत्नव्वा, डोळे मिटून बसली होती. तेव्हापासून म्हातारी गाडीला शिवत नव्हती.

"टेप तर बंद पडलाच हुता," काका म्हणाले. "म्हटलं, आता मोठ्या पडद्याचाच बसवावा. मागचा कॅमेरा हाय न्हवं त्येला? मागचं दिसाय लागलं की अव्वा बसंल. बघ की खोक्यावर काय लिवलंय ते. माझा चष्मा घरात टीव्हीवर ऱ्हायलाय."

अरीबानं खोकं उचलून वाचलं, कॅमेरा आहे म्हणून सांगितलं. काका लहान मुलासारखे मान डोलवत राहिले.

ती अकरावीत होती, आणि आजचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचं एकटीचं होतं. आठवीपासून ती अब्बांच्या हाताखाली वायरी जोडत आली होती, पण ते नुसतं पाने पुढं करण्यासारखं. आज काम संपल्यावर ती स्वतःची पट्टी लावणार होती. अब्बांच्या, म्हणजे कुतुबुद्दीनच्या, दुकानाची ती रीतच होती. टेप बसवला की त्याच्या मागं, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, बोटभर पांढरी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर नाव आणि तारीख घालायची. शाई न पुसली जाणारी. लहानपणी तिनं विचारलं होतं, कुणी बघणारच नाही तर कशाला लिहायचं? अब्बा म्हणाले होते, "बघणाऱ्यासाठी न्हाय लिवत. लिवलं की हात नीट चालतो."

हे वाक्य तिनं मराठीच्या निबंधातसुद्धा घातलं होतं. बाईंनी त्याच्याखाली रेघ मारली होती.

सकाळी मात्र अब्बा जरा विचित्रच वागले होते. गाडी दारात लागताच म्हणाले, "जुना टेप मी काढतो. तू नवा बसव." मग वायरी जोडायचे कपलर आणायला बाजारात जाताना पुन्हा बजावलं, "मी आल्याबिगर हात लावू नको." अरीबा हसली होती. हात लावू नको म्हणे! त्यांच्या मोठ्या पंजापेक्षा तिची बारीक बोटं तिथं जास्त सहज जात होती. त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळली आणि हिनं चाव्या उचलल्या.

आता तिनं ओढणी नाकावरून घट्ट बांधली, टॉर्च पेटवली आणि त्या चौकोनी भोकात डोकावली.

आत चिखल होता. वाळून तडकलेला, राखाडी, वायरींच्या जुडग्यावर साईसारखा बसलेला. त्यात गोगलगाईचे दोन शंख, काळ्या पडलेल्या जलपर्णीच्या मुळ्या, आणि कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेल्या वायरींचं आणि चिंध्यांचं घरटं. घरट्यात काहीतरी चपटं, केसाळ. तिनं पेचकसाच्या टोकानं ते हलवलं, आणि पेचकस तसाच टाकून दिला. वायरींचं तांबं हिरवं पडलं होतं; बोटानं दाबलं तर पिठूळ होऊन गळत होतं.

"काका," तिनं बाहेर तोंड काढून विचारलं, "गाडी कुठनं घेतली हुती?"

"शिरोळकडनं. चार वर्सांमागं, दिवाळीत."

"त्या साली तिकडं पूर..."

"आगं, तेच मीबी इचारलं की एजंटाला! खुळा न्हाय मी." काकांनी कप खाली ठेवला. "त्यो बेणं काय म्हणला ठावं हाय? टेप लावला त्यानं, फुल आवाजात. म्हणला, पावणं, पाण्यात बुडाल्या गाडीचा कंपनीचा टेप वाजंल व्हय? त्या टेपाकडं बघून घेतली मी गाडी."

अरीबा पुन्हा आत वळली. पाणी इथवर चढलं होतं. मग टेप वाजला कसा?

तिनं टॉर्च उजवीकडं फिरवली. टेप ज्या पत्र्याच्या चौकटीत बसतो, तिच्या आतल्या अंगाला चिखलात एक स्वच्छ पट्टा होता. बोटानं पुसलेला. पुसणाऱ्या बोटाच्या रेषा कडेच्या गाळात वाळून तशाच राहिल्या होत्या. आणि त्या तेवढ्याच पुसलेल्या जागी, सरळ, सुबक चिकटवलेली बोटभर पांढरी पट्टी.

कुतुबुद्दीन. ऑक्टोबर २०२१.

तिनं नाव दोनदा वाचलं. कुतुबुद्दीनमधल्या 'द्दी'ला अशी वेलांटी कोल्हापुरात दुसरं कुणी काढत नव्हतं.

त्या वर्षी ती सातवीत होती. अब्बा संध्याकाळी घरी आले की जुन्या टूथब्रशानं टेपांच्या आतल्या हिरव्या सर्किटपट्ट्या थिनरमध्ये घासत बसायचे. त्यांच्या हातांना वास यायचा. ते घास भरवायला आले की ती तोंड फिरवायची, आणि ते म्हणायचे, मासळीचा वास आहे गं, बाजारातनं आलो. हाच वास होता. हाच. ओढणीतून तो आता तिच्या जिभेवर उतरला होता.

स्कूटर थांबली. कुतुबुद्दीन कपलरची पिशवी घेऊन दाराशी आला. सीटवर पडलेला टेप त्यानं पाहिला, मग मुलीकडं पाहिलं. पायरीवरच्या काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "सांगितलं हुतं तुला."

"गाडी सकाळीच वळखली तुम्ही."

त्यानं पिशवी सीटवर ठेवली.

"वळखली का न्हाय, अब्बा?"

"एजंटानं टेप तेवढा चालू करून मागितला. मी टेपच केला. गाडी पुढं कुणाला घातली, मला काय ठावं?"

"टेप कशासाठी पायजे हुता, ते ठावं हुतं न्हवं?"

"त्या साली सगळे तेच करत हुते, बेटा. दुकानात पुराचं पाणी भरल्यालं, तीन महिने धंदा बंद. चूल पेटायची हुती." त्यानं तिच्या हातातली टॉर्च अलगद बाजूला केली, अंगठा जिभेला लावला आणि भोकात हात घालून पट्टी घासायला लागला.

अरीबा त्या ओल्या अंगठ्याकडं बघत राहिली. मेलेला उंदीर बघून जे झालं नव्हतं, ते आता झालं. तिला त्या हाताजवळ बसवेना.

शाई हलली नाही. पट्टीही निघाली नाही. चार वर्षांत ती पत्र्याशी एक झाली होती.

"राहू दे," तो हात बाहेर काढत म्हणाला. अंगठ्यावर राखाडी डाग होता. तो त्यानं पँटला पुसला. "त्याच्यावर तुझी लाव. पहिली पट्टी हाय तुझी. वायरी जरा पुसून घे आणि पडदा बसव. छान दिसंल."

त्यानं खिशातून पट्टीची गुंडाळी काढून तिच्यापुढं धरली. कडेला तिचं नाव त्यानं आधीच लिहून आणलं होतं, वळणदार अक्षरात. अरीबा. पुढं तारखेपुरती जागा कोरी.

पायरीवरून आवाज आला, "कुतुबभाई, पोरगी लई हुशार हाय बघा तुमची! परवा अव्वाला ह्याच गाडीतनं दवाखान्यात न्यायची हाय. कॅमेरा दाखवूनच बसवतो तिला."

अरीबानं गुंडाळी घेतली नाही. ती खाली उतरली, नळावर हात धुतले, पुन्हा धुतले, नाकाशी नेले आणि ओल्याच हातानं ओढणी सोडली.

"काका," ती म्हणाली, "चहा झाला असंल तर जरा हिकडं या. आत काय हाय ते बघून घ्या."

"अरीबा," कुतुबुद्दीन म्हणाला.

काका गुडघ्यांवर हात टेकत उठले, दारापाशी आले आणि भोकात वाकले. वासानं त्यांची मान झटकन मागं आली. "आयला! हे काय गं समदं? चिखुल?" मग ते डोळे बारीक करून पुन्हा वाकले. "आन् हे पांढरं काय चिकटीवलंय? काहीतरी लिवलंय त्येच्यावर."

रस्त्यावरून एक टेम्पो गाणी लावून गेला.

"चष्मा न्हाय ना माझा," काका म्हणाले आणि सरकून त्यांनी कुतुबुद्दीनला जागा करून दिली. "कुतुबभाई, तुम्हीच वाचा की. काय लिवलंय?"

कुतुबुद्दीन वाकला. अरीबानं सीटवरची टॉर्च उचलली, बरोबर पट्टीवर धरली, आणि हात हलू दिला नाही.