कट्ट्यांमागचा प्रॉम्प्टर

करडी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक कोणतंही असो, विंगेत बसणारा माणूस एकच, जागेश्वर. हिरो शाळामास्तर, खलनायक किराणा दुकानदार आणि हिरॉईन तर त्याच संध्याकाळी नागपूरहून गाडीतून उतरलेली. पाठांतराच्या नावानं सगळ्यांचीच बोंब. मग जागेश्वरानं मागून सगळ्यांची सगळी वाक्यं सांगायची. राजाची त्यानंच, राणीचीही त्यानंच. कोणी भलतीकडे भरकटला तर त्याला ओढून पुन्हा नाटकात आणायचं, हेही त्याचंच काम. जागेश्वराचा घसा बसला तर पडदा उघडूच नये, असं गाव म्हणायचं. ते ऐकून त्याची छाती फुगायची, आणि खरं सांगायचं तर डोकंही थोडं फुगलं होतं.

या जागेश्वराची पुतणी रिता. पोरगी हुशार, बी.कॉम. झालेली, घरात सगळ्यांना धारेवर धरणारी. पण अनोळखी माणसानं नुसतं नाव विचारलं तरी तिची दातखीळ बसायची. दोन मुलाखती तिनं अशाच घालवल्या. एका ठिकाणी तर सगळ्या प्रश्नांना मान डोलावून घरी आली. आता तिसरं बोलावणं आलं होतं. भंडाऱ्यात शेतीच्या यंत्रांचं मोठं दुकान, यंत्रं नेलेल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारपूस करायची, तक्रारी ऐकून घ्यायच्या. रोज बसनं जाऊन येता येईल अशी नोकरी काही उठल्यासुटल्या निघत नाही. ही गेली तर पुन्हा कुठं अर्ज करणार नाही, असं रितानं आईला, चंद्रकांताला, सांगून टाकलं होतं. आणि ही पोरगी एकदा म्हणाली की तसंच करते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. चंद्रकांताच्या जिवाला घोर लागला.

मुलाखत मोबाइलवर होणार होती, नागपूरहून दुकानाच्या मॅडम व्हिडिओ कॉल करणार होत्या. हे कळताच जागेश्वरानं सूत्रं हाती घेतली. मुलाखत म्हणजे नाटकच की, असं त्यानं जाहीर करून टाकलं. मोबाइल डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, आपल्याच तोंडाकडे नाही. दुकान काय काय विकतं ते आधी माहीत करून घ्यायचं. जे येत नाही ते सरळ येत नाही म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. आणि शेवटी मॅडम विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का, तेव्हा ‘काही नाही’ म्हणणारा बसला घरी. एक तरी प्रश्न विचारायचाच. सल्ला एकदम बरोबर होता हो, कोणीही मानावा असा. पण इथवर थांबला तर तो जागेश्वर कसला. त्यानं मॅडमचे प्रश्न आणि रिताची उत्तरं असा अख्खा प्रवेश रचला, तिच्याकडून तालमी करून घेतल्या, आणि मुलाखतीच्या दिवशी खोलीतल्या धानाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे भरलेल्या पोत्यांच्या, थप्पीमागं स्वतः गुडघे मोडून बसला. तू फक्त तोंड हलव, बाकी मी आहे, असा धीर दिला.

मॅडम दिसल्या. नमस्कार झाला. तालमीप्रमाणे आता त्यांनी शिक्षण विचारायचं होतं. पण त्या म्हणाल्या, शिक्षण मी वाचलंय, मला सांगा, तुमच्याकडे धान कापायला यंत्र येतं का?

झालं. रिताची दातखीळ बसली. आणि थप्पीमागच्या जागेश्वराच्या मते बाई भरकटली होती. भरकटलेल्याला जागेवर आणायचं हे तर त्याच्या हाडीमाशी मुरलेलं.

“शिक्षण,” तो कुजबुजला. “आधी शिक्षण विचारा.”

आता विंगेतून स्टेजच्या त्या टोकाला पोचणारी कुजबुज ती, मोबाइलला काय अवघड. कोण बोलतंय, मॅडमनी विचारलं. जागेश्वरानं सवयीनं सांगितलं, “कोणी नाही, मॅडम.” रितानंही सवयीनं म्हटलं, “कोणी नाही, मॅडम.” मॅडमना ते दोनदा ऐकू आलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून जागेश्वरानं मॅडमचं पुढचं वाक्यही सांगून टाकलं, “तुमच्या अंगी कोणते गुण आहेत?”

रिता गर्रकन वळली.

“काका, चूप बसा ना जी. मॅडम मले विचारून राहिल्या, तुमाले नाही. आन त्यायनं काय बोलाचं तेबी तुमी कायले सांगता? त्यायले येते बोलता.”

रिताचा चेहरा पांढराफटक पडला. गेली नोकरी, आपणच आपल्या तोंडानं घालवली, असं जागेश्वराला वाटलं. मोबाइलमध्ये मात्र मॅडम डोळे पुसत हसत होत्या. आम्ही शेतकऱ्यांना फोन करतो, त्या म्हणाल्या, तेव्हा मागून असेच तिघंचौघं बोलत असतात, आणि आमची माणसं गोंधळून फोन ठेवून देतात. तुम्ही काय कराल?

एकदा सुटलेली जीभ पुन्हा बांधायला रिताला सवड नव्हती. “ज्यानं यंत्र चालवलं त्याच्या हाती फोन द्या म्हणीन. बाकीच्यायले म्हणीन, तुमचंबी आयकीन, पन एकाच्या मांगं एक.” मग यंदा शेतातल्या बांधीत चिखलात चाक रुतून यंत्र कसं अडकलं आणि दुरुस्तीचा माणूस यायला दोन दिवस कसे लागले, तेही तिनं सांगितलं. तुमच्याच दुकानाचं होतं, असंही ठणकावलं.

मॅडमनी शेवटचं विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय?

विचारायचा प्रश्न जागेश्वराच्या अगदी ओठांवर आला होता, त्यानंच तर रचलेला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि तोंडात कोंबला.

“मॅडम,” रिता म्हणाली, “तिथं मी अडली त मांगून सांगनारं कोनी असन का?”

“नाही. तिथं तुमचं तुम्हालाच बोलावं लागेल.”

“मंग बरं हाये.”

सोमवारपासून कामाला या, असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला. चंद्रकांता धावत आत आली, काय झालं म्हणून दिराला विचारू लागली. जागेश्वर थप्पीमागं तसाच बसून होता, दुपट्टा तोंडात, डोळ्यांत पाणी. बोचलंही होतं आणि आनंदही पोटात मावत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढचं वाक्य येत नव्हतं.

रितानं वाकून हात पुढं केला. “उठा जी काका,” ती म्हणाली. “मायले मीच सांगतो.”