जिन्याखालचा गॅस

नोटीस बकुळताईंच्या नावावर आली, तिथेच त्यांचं डोकं फिरलं. सिलिंडर वेणीमाधवचे, नळी वेणीमाधवची, त्या गॅसवर शिजणारा भात वेणीमाधवच्या भोजनालयातला, आणि कागदावर नाव मात्र श्रीमती बकुळ सप्रे, मकान मालिक.

त्या उन्हाळ्यात शहरातल्या एका लॉजच्या स्वयंपाकघरात गॅसचा भडका उडून माणसं भाजली होती. तेव्हा जिल्ह्याच्या ऑफिसाने हुकूम काढला, की ज्या घरात सिलिंडरापासून नळी टाकून गॅस वर नेलेला असेल तिथे तपासणी सक्तीची, आणि ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची. टाळाटाळ केली तर खटलाही मालकावरच.

बकुळताईंचं घर बनारसला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत होतं. त्यांचे यजमान सप्रे मास्तर हयात होते तेव्हा त्यांनी खालचे दोन मजले वेणीमाधवला दिले होते. तो नुकताच लग्न होऊन बनारसला परतला होता, हातात काम नव्हतं, आणि बकुळताईंना तो काकू म्हणायचा. तळमजल्यावर त्याने महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी पंगती मांडल्या, पहिल्या मजल्यावर त्याची बायको लीला स्वयंपाक करायची. मास्तर गेले. बकुळताईंना तळमजला परत हवा झाला, कारण गुडघे दोन जिने चढू देईनात. वेणीमाधव नाही म्हणाला. मग त्यांनी वकील केला, त्यानेही केला, आणि काकूची मालकीणबाई झाली. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले ते फक्त कोर्टात, आणि तेही न्यायाधीशाकडे बघून.

जिन्याखालचे ते चार मोठे सिलिंडर त्याने मधल्या काळात आणून बसवले. रामनगरच्या कुणा फिटरकडून लोखंडी नळी टाकून घेतली. ती भिंतीला धरून वर पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेली. बकुळताईंना जायला-यायला तोच जिना. पिशवी घेऊन चढताना त्यांना कधीकधी वास यायचा. त्या नाकाला पदर लावून वर जायच्या. सांगणार कुणाला?

तपासणीला आलेला माणूस होता विश्वेश्वर पाठक. चाळिशीतला, घामाघूम, हातात साबणाच्या पाण्याची बाटली. बकुळताई त्याला घेऊन खाली आल्या. वेणीमाधव स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिला.

"आत यायचं नाही," तो मराठीत बकुळताईंना म्हणाला आणि लगेच अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत पाठकांना, "साहब, ये इनकी चाल है. तपासणीच्या नावाखाली माझं भोजनालय बंद करायचं, मग दुरुस्ती काढायची, मग मला बाहेर काढायचं. मी काय काल जन्मलोय?"

"तुमचा जीव वाचवायला आलाय तो माणूस," बकुळताई म्हणाल्या.

"माझ्या जीवाची काळजी? तुम्हाला?" तो हसला. "देव तुमचं भलं करो."

पाठकांनी दोनतीनदा समजावलं, हुकूम दाखवला, मग वैतागून सोडून दिलं. आत जायचं तर पोलीस घेऊन यावं लागेल, त्याला वेळ लागेल, म्हणाले. बकुळताईंना राग आला, पण राग फक्त वेणीमाधवचा नव्हता. तो बोलला ते अगदीच खोटं नव्हतं. नोटीस हातात आल्यावर अपमानाच्या मागोमाग त्यांच्या मनात तेच आलं होतं. सीलच लागलं तर? स्वयंपाक बंद, पंगती बंद, मग किती दिवस राहील हा? त्याने नेमकं ते ओळखलं, याचाच त्यांना जास्त संताप आला.

जाण्याआधी पाठकांनी जिन्याखाली वाकून सिलिंडर पाहिले, एका सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं. हळूहळू फेस फुगला. सांधा गळत होता. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. मग नळीच्या तोंडाशी असलेला पितळी कॉक दाखवून म्हणाले, "माताजी, ये मेन है. वास जास्त आला तर हा आडवा करायचा. पण एक लक्षात ठेवा, आधी ऊपर सब चूल्हे बंद करवाइएगा. नाहीतर ज्योत विझते, बटणं उघडीच राहतात, आणि पुन्हा कॉक उघडला की गॅस नुसता खोलीत भरत राहतो."

"कळलं," बकुळताई म्हणाल्या. त्या आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आल्या होत्या. एकदा सांगितलेलं त्यांना पुरे असायचं.

पुढच्या आठवड्यात कार्तिकाची गर्दी सुरू झाली. घाटावर बांबूंना आकाशदिवे लागले, आणि वेणीमाधवच्या पंगती गल्लीपर्यंत आल्या. त्या दुपारी बकुळताई भाजी घेऊन परतल्या तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. त्या पाय टाकायला जागा शोधत उभ्या राहिल्या, आणि एका चपलेला पाय लागून ती गटारात गेली.

आतून वेणीमाधवने पाहिलं. हातात आमटीचं भांडं होतं. तो पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बघा मंडळी, आमच्या मालकीणबाई. यांना माणसांचं जेवण बघवत नाही. भरल्या पंगतीवर सरकारी माणूस सोडतात. आता चपला गटारात टाकायला लागल्या."

पंगत हसली. एक म्हातारे गृहस्थ घास तोंडात धरूनच म्हणाले, "म्हातारपणी माणसाने जरा मन मोठं ठेवावं."

बकुळताईंचे कान तापले. उत्तर जिभेवर आलं, पण अनोळखी लोकांसमोर उभं राहून भांडणं त्यांना शक्य नव्हतं. त्या बोळात वळल्या. जिन्याशी आल्या. भाजीची पिशवी पायरीवर ठेवली, वाकल्या आणि पितळी कॉक आडवा केला.

सोपं होतं ते. जरासुद्धा जोर लागला नाही.

पिशवी उचलून त्या वर निघाल्या. पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून लीला पाठमोरी दिसली. गॅसच्या दोन मोठ्या भट्ट्यांवर भाताचं पातेलं आणि कढई, कोपऱ्यात कोळशाच्या शेगडीवर वरण गरम राहायला ठेवलेलं. बकुळताई न थांबता वर गेल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कान दिले.

फार वाट पाहावी लागली नाही. लीला बाहेर येऊन जिन्यातून ओरडली, "अहो, गॅस गेला! भात अर्धा कच्चा आहे!"

"आलो, आलो!"

बकुळताईंना बरं वाटलं. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. खाली पंगत ताटकळत बसेल, कच्चा भात वाढावा लागेल, ते म्हातारे गृहस्थ ताटाकडे बघत बसतील. त्यांनी पाय लांब केले. खालून वेणीमाधवचा आवाज आला, आधी पुटपुटल्यासारखा, मग मोठा.

"कॉक कुणी बंद केला? अगं, गॅस संपला नाहीये, बंद केलाय! मालकीणबाई! आता इथवर आलात का? लोकांच्या ताटात माती कालवता? उघडला बघा, करा काय करायचं ते!"

आणि त्यांना पाठकांचे शब्द आठवले.

बकुळताई उठल्या त्या गुडघ्यांचा विचार न करता. जिन्याच्या वळणावर लीला उभी होती, कमरेला पदर खोचलेला, वर तोंड करून. ती अजून आत गेलीच नव्हती. भांडायला थांबली होती.

"लीला, आत भट्ट्या उघड्या आहेत. बटणं बंद कर. आधी बटणं बंद कर!"

"मला शिकवू नका!" लीला म्हणाली. "सहा वर्षं तोंड बघितलं नाहीत आमचं, आणि आता हुकूम सोडता? माझ्या नवऱ्याला रडवायचं, माझी चूल विझवायची, आणि वर मलाच शहाणपण सांगायचं?"

"अगं, गॅस भरतोय आत!"

"तुम्हीच बंद केलात ना? खोटं सांगा बघू!"

बकुळताई तिच्या बाजूने पुढे घुसायला लागल्या. लीला मागे पळाली आणि तिने स्वयंपाकघराच्या चौकटीत दोन्ही हात आडवे लावले. "माझ्या स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही. कोर्टाचा ताबा आहे आमच्याकडे."

मग वास आला. दोघींनाही एकदमच आला असावा, कारण लीलाचं बोलणं अर्ध्यावर तुटलं आणि तिने मान मागे वळवली. वास खालून, जमिनीलगत येत होता. कोपऱ्यातली शेगडी लाल होती. बकुळताईंनी लीलाचा दंड धरला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन स्वतःकडे ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. कुणीतरी भलंमोठं कापड झटकावं तसा झाला. खोली क्षणभर निळी-पिवळी झाली आणि लीलाच्या पाठीवरचा पदर पेटला. बकुळताईंनी हातांनीच तो विझवला. कशाने विझवायचं, याचा विचार करायला सवड नव्हती. लीला किंचाळत होती, खाली ताटं वाजत होती, लोक अनवाणी घाटाकडे पळत होते. वेणीमाधव एकदा वर धावला, लगेच उलटा खाली गेला आणि त्याने कॉक बंद केला.

लीलाची पाठ आणि मान भाजली. बकुळताईंचे दोन्ही तळहात भाजले. दोघींना एकाच टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं. वाटेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी वेणीमाधवने चौकीत तक्रार दिली, की मालकिणीने मुद्दाम गॅस बंद केला आणि माझ्या बायकोला जाळायला निघाली. दुसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला घरी आला. त्याआधी बकुळताईंचा भाचा श्रीराम येऊन बसला होता. तो बँकेत होता आणि सगळ्या गोष्टींचा निकाल झटपट लावायची त्याला सवय होती.

"मावशी, सीधी बात आहे. तू म्हण, मला काही माहीत नाही. किसने देखा? त्याच्याकडे साक्षीदार नाही. उलट त्याने तपासणी करू दिली नाही, हे पाठक लिहून देतील. केस त्याच्यावरच उलटेल. मकानही सुटेल."

"सुटेल का?"

"पक्का."

बकुळताई बँडेज बांधलेल्या हातांकडे बघत राहिल्या. श्रीराम म्हणत होता ते सगळं होण्यासारखं होतं. फौजदार आला, खुर्ची ओढून बसला, आणि त्याने विचारलं, कॉक कुणी बंद केला.

"मी," बकुळताई म्हणाल्या.

श्रीरामने कपाळाला हात लावला. "मावशी!"

"मीच केला. वरच्या भट्ट्या बंद करायला न सांगता केला. मला सांगितलेलं होतं, तरी केला. आणि त्याने वर न बघता उघडला. दोन्ही लिहा." मग त्यांना वाटलं, हे ऐकून कुणी आपल्याला भली बाई समजेल, आणि ते त्यांना नको होतं. "मला त्याचा भात कच्चा ठेवायचा होता," त्या म्हणाल्या. "तेही लिहा."

फौजदाराने लिहिलं. त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला, वेणीमाधववरही वेगळा. पाठक पोलिसांना घेऊन आले तेव्हा वेणीमाधवने दार स्वतःच उघडलं, कारण मालकिणीने काय केलं ते त्याला सगळ्यांना दाखवायचं होतं. पाठकांनी नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाकलं. जिन्यात फेस आला, स्वयंपाकघरात आला, भिंतीच्या भोकातही आला. त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळी नळी उखडून काढली आणि स्वयंपाकघराला सील ठोकलं. वेणीमाधव गल्लीत उभा राहून ओरडत होता की हेच हवं होतं हिला. बकुळताई वरच्या खिडकीत होत्या. त्यांनी खिडकी लावली नाही.

भोजनालय महिनाभर बंद राहिलं. मग त्याने खालच्याच खोलीत कोळशाच्या भट्ट्या मांडल्या, आणि धूर जिन्यातून थेट वर यायला लागला. ताब्याचा खटला होता तिथेच राहिला. त्यात आता आणखी दोन खटल्यांची भर पडली होती.

लीला हॉस्पिटलातून आल्यावर काही दिवसांनी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. लीला वर चढत होती, मान एका बाजूला ताठ धरून. बकुळताई उतरत होत्या. जिना अरुंद होता. कुणालातरी भिंतीला टेकून थांबावं लागणार होतं. बकुळताई थांबल्या.

लीला दोन पायऱ्या खाली उभी राहिली. "एक विचारायचंय," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही मला आत ढकलत होता, की बाहेर ओढत होता? मला नीट आठवत नाही. हे म्हणतात ढकललं."

"ओढलं."

"नक्की?"

"नक्की."

लीलाने मान हलवायचा प्रयत्न केला, पण दुखलं असावं, तिने ओठ मिटले. "आणि त्याआधी कॉक?"

"तो मीच बंद केला."

"मग ओढल्याचं मला पुन्हा कधी सांगू नका," लीला म्हणाली. "वकिलालाही सांगू नका, गल्लीतही नको. मला तुमचं काही देणं लागायचं नाहीये."

ती भिंतीला पाठ लागू न देता, अंग चोरून, त्यांच्या बाजूने वर गेली आणि तिने आपलं दार लावून घेतलं. बकुळताईंना अजून मुठीत काही धरता येत नव्हतं. त्यांनी कठड्यावर कोपर टेकवलं आणि एकेक पायरी बघत त्या खाली उतरल्या.