लूपला टाकलेली गाडी

अस्मिताचा मित्र देवांग आपल्या मोटारीने तिला ॲन आर्बरहून शिकागोला सोडायला तयार होता. मोडता घातला तो तिच्या वडिलांनी. नांदगावला स्टेशनमास्तर म्हणून हाडं झिजवलेले राजारामराव, त्यांच्या डोळ्यांदेखत पोरीने रेल्वे सोडून मोटारीने बर्फातून जायचं? "गाडी अकराला पोचते, इंटरव्ह्यू दोनला. तीन तास हाताशी," असा त्यांनी वेळापत्रकावर बोट ठेवून निकाल दिला.

शिक्षण संपल्यावर नव्वद दिवस नोकरीविना गेले की अमेरिकेतून गाशा गुंडाळायचा, असा नियम. आज सत्त्याऐंशीवा दिवस होता.

आता साडेबारा वाजले होते आणि गाडी बर्फातल्या मक्याच्या शेतांमध्ये ढिम्म उभी होती. शेजारून मालगाडी चालली होती. राजारामरावांनी सवयीने डबे मोजले, एकशे बारा. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाले, "आता आपल्याला सिग्नल मिळेल बघ."

सिग्नल मिळाला तो दुसऱ्या मालगाडीला.

"बाबा, प्लीज, सिग्नल सिग्नल करू नका ना!"

"टॅक्सी बोलावली तर?"

"कुठे बोलावू? इथे स्टेशन नाही, रस्ता नाही. देवांगला कॉल केला, तर तो तीन तास लांब आहे."

राजारामराव तावातावाने पिकलेल्या मिशांच्या कंडक्टरकडे गेले. माणसांची गाडी थांबवून माल सोडता, ही कुठली रीत? कंडक्टर शांतपणे म्हणाला, रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, वरून सांगतात तसं करायचं.

वरून सांगतात! हे वाक्य राजारामरावांनी स्वतः किती वेळा प्रवाशांच्या तोंडावर फेकलं होतं. मेल पास करायची म्हणून पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकून थांबवायची, हे रोजचंच. एकदा पॅसेंजरमधला एक बाप मुलीला घेऊन त्यांच्या टेबलापाशी आला होता. मुलीचा बारावीचा पेपर होता. राजारामरावांनी मान वर न करता तक्रारवही पुढे सरकवली होती. त्या मुलीचं पुढे काय झालं, हा विचार त्यांच्या मनात आजवर आलाही नव्हता.

अस्मिताने ऑफिसात फोन केला. तीनपर्यंत थांबू, ते म्हणाले. गाडी दीडला हलली, मैलभर गेली आणि पुन्हा थांबली. राजारामराव एकदा घड्याळाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिले. तीन वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन वाजला. ती फक्त "ओके, थँक यू" म्हणाली.

"पुढचा इंटरव्ह्यू?"

"दोन आठवड्यांनी, बाबा."

कंडक्टर परत आला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याने राजारामरावांपुढे एक छापील कार्ड धरलं. तक्रारीसाठी त्यावर फोन नंबर होता.

राजारामरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. लेकीसमोर मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही.