पाचवं लिंबू

पूनमनं डिक्कीतला गालिचा उचलला आणि नाकाला पदर लावला. शी! काळी पडलेली, वाळून सुपारीएवढी झालेली लिंबं. एक-दोन नव्हेत, ढीगच. त्यात बुरसलेले खोबऱ्याचे तुकडे, कुंकवाचा चिखल, कुठल्याशा पावसाळ्यात शिरलेलं पाणी आणि त्या पाण्यात पोट वर करून पडलेली पाल. ह्या सगळ्या घाणीच्या मधोमध गाडीची स्टेपनी निवांत पडली होती.

गाडी राजूर घाट उतरून नुकती सपाटीला लागली होती आणि मागचं डावं चाक बसलं होतं. मागच्या सीटवर सासू, वच्छलाबाई, आडवी झाली होती. चार तास डायलिसिसच्या मशीनला लागून आलेली बाई, अंगात त्राण म्हणून नव्हतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पूनम तिला बुलढाण्याला न्यायची. एक पाळी चुकली की म्हातारीचे पाय सुजायचे, दुसऱ्या रात्री श्वास लागायचा. नवरा, हर्षल, पुण्याला कंपनीत. म्हणजे गाडी चालवायची पूनमनं, दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं पूनमनं आणि चाक बदलायचं तेही पूनमनंच. बदललंही असतं. पण स्टेपनी दाबून पाहिली तर अंगठा आत गेला. हवा औषधालासुद्धा नाही.

लिंबांचा उलगडा तिला लगेच झाला. सासरे उकंडराव दसऱ्याला गाडीची पूजा करत. चार चाकांखाली चार लिंबं ठेवायची, गाडी पुढं घ्यायची, लिंबं चिरडायची. हे सगळं गावच करतं. पण उकंडरावांचं एक लिंबू जास्तीचं असे. "तेबी चाकच हाय ना? त्याचा मान त्याले," असं म्हणत ते डिक्की उघडायचे, स्टेपनीला हळदकुंकू वाहायचे, तिच्यावर पाचवं लिंबू ठेवायचे आणि गालिचा पुन्हा ओढून द्यायचे. एकोणीस वर्षांची गाडी, एकोणीस लिंबं. हवा मात्र एकदाही भरली नाही. मान भरपूर द्यायचा आणि विचारायचं काहीच नाही, ही ह्या घराची जुनी रीत. वच्छलाबाईलाही गौरी-गणपतीत सगळे वाकून नमस्कार करत. तिचे पाय सुजलेत हे मात्र सुनेनं सांगितलं तेव्हा कळलं.

"काय झालं वं पूनम?" आतून क्षीण आवाज आला.

"काही नाही आत्याबाई. पडून राहा तुमी."

मोताळ्याला इंद्रभानचं पंक्चरचं दुकान. त्याला फोन लावला. तो मोटारसायकलवर पंप बांधून येईस्तोवर दीड तास गेला. दीड तास म्हातारी उन्हात तापलेल्या पत्र्याखाली पडून होती, आणि पूनम पदरानं वारा घालत मनातल्या मनात एकाच माणसाला शिव्या घालत होती.

इंद्रभाननं पंक्चर काढलं आणि जाता जाता स्टेपनीकडं पाहिलं. नाकाला रुमाल लावला. टायरच्या बगलेत त्यानं नख खुपसलं, तसा रबराचा पापुद्रा निघून आला. आत भेगाच भेगा.

"वैनी, हे आकडे पाहा," टायरवरचे चार आकडे पुसून तो म्हणाला. "एकतीस शून्य पाच. दोन हजार पाच सालचा एकतिसावा आठवडा. एकोणीस वर्सं झाले याले. रिमबी लिंबाच्या पाण्यानं सडून गेली. हे टायर घाटात लावसान तं माणसासगट जाईन. फेकून द्या."

घरी आल्यावर पूनमनं आधी सासूला पलंगावर निजवलं, मग ओसरीवर गेली. उकंडराव बशीतून चहा पीत होते. तिनं सगळं सांगितलं. लिंबं सांगितली, पाल सांगितली, आकडे सांगितले.

"फेकून द्याचं?" उकंडरावांनी बशी खाली ठेवली. "पूनम, ते टायर एक डाव रोडले लागलं नाही. नवं कोरं हाय नवं कोरं! त्याच्या रबराचे काटे पाहिले का तुनं? एक काटा घासला नाही."

"मामाजी, वापरलं नाही म्हून का नवं राह्यते? रबर कुजते पडल्या पडल्या."

"तो पंक्चरवाला मले शिकवते का आता? त्याले टायर इकाचं हाय. मी पाहातो. शुक्करवारच्या आंधी करून देतो."

तिनं हर्षलला फोन केला. हर्षल म्हणाला, "बाबा म्हणतात ना करतो, मग करतील." बापासारखा बेटा! पूनमनं फोन पलंगावर आपटला.

बुधवारी उकंडराव स्टेपनी घेऊन इंद्रभानकडं गेले. इंद्रभाननं हवा भरायलाच नकार दिला आणि का भरत नाही तेही तोंडावर सांगितलं. हे पूनमला त्यानंच फोनवर कळवलं. मग गुरुवारी उकंडराव स्टेपनी घेऊन मलकापूरला गेले, आणि संध्याकाळी परत आले ते मिशीला पीळ देतच. "झालं काम," एवढंच बोलले. पूनमला बरं वाटलं. म्हातारा हट्टी आहे, पण अखेर अक्कल आली, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा.

शुक्रवारी पहाटे तिनं डिक्की उघडली. आहाहा! रिम चांदीसारखी चकचकीत. टायर काळंभोर, आत्ताच न्हालेल्या म्हशीसारखं. वर हळदकुंकू आणि एक ताजं पिवळंधमक लिंबू. तिनं टायरवर हात ठेवला आणि तळहात काळा होऊन आला. रॉकेल आणि पॉलिशचा उग्र वास, आणि त्या वासाच्या खालून तोच जुना कुजका आंबूस भपकारा. तिनं लुगड्याच्या फडक्यानं टायर खसाखसा घासलं. एकतीस शून्य पाच. भेगांमध्ये पॉलिश चोपडून भरलं होतं. चांदीच्या रंगाखाली बोट दाबलं तर गंजाचा पोपडा सुटला.

पूनमला ओकारी आली. खरोखरची. ती आंगणाच्या कडेला जाऊन बसली, चूळ भरली आणि परत आली. मढ्याला पावडर लावून बोहल्यावर बसवलं होतं, आणि वर लिंबू!

तिनं जॅक काढला. मागचं डावं, चांगलं चाक उतरवलं आणि त्या जागी ती चकचकीत स्टेपनी चढवली. नट आवळले. पान्ह्याच्या आवाजानं उकंडराव बाहेर आले. वच्छलाबाई दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन ओसरीच्या पायरीवर आधीच येऊन बसली होती.

"हे काऊन लावून राह्यली?" उकंडराव म्हणाले. "स्टेपनी स्टेपनीच्या जागी राहू दे ना."

"नवं कोरं हाय ना मामाजी? मंग वापरू." पूनमनं मागचं दार उघडलं. "आत्याबाई पुढं बसतीन. तुमी इथं बसा, ह्या चाकावर. घाट चढून बुलढाण्याले जाऊ, घाट उतरून परत येऊ."

"मी कायले? मले सोसायटीत मिटिंग हाय."

"मिटिंग पाच वाजता हाय. तुमीच सांगतलं काल."

"गुडघा दुखून राह्यला माहा."

"बसूनच जाचं हाय. चालाचं नाही."

उकंडराव चाकाकडं पाहत राहिले. वच्छलाबाई त्यांच्याकडं पाहत होती. समोरच्या घरातल्या सोजराबाई हातातला झाडू तसाच धरून फाटकाशी उभ्या राहिल्या. उकंडरावांनी एकदा दाराच्या दांडीला हात लावला. लावला आणि काढून घेतला.

"घाटात कायले लावतं ते?" ते पुटपुटले. "ते तं फकस्त वेळेले..."

"वेळ कोनावर येते मामाजी?" पूनमचा आवाज चिरकला. "आठवड्यातून दोनदा ह्या गाडीत कोन बसते? तुमाले माईत होतं! इंद्रभाननं तुमच्या तोंडावर सांगतलं होतं. तरी तुमी पॉलिश मारून आनलं. लाज कशी नाही वाटत हो तुमाले?"

सासऱ्याशी असं बोलायची ह्या घरात पद्धत नव्हती. आज बोलली. उकंडराव लालेलाल झाले आणि पाठ फिरवून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "चाय ठेवा बे कोनी!" घरात चहा ठेवणाऱ्या दोघीच, आणि दोघीही आंगणात होत्या.

पूनमनं पुन्हा जॅक लावला. नट सोडले, चांगलं चाक परत बसवलं, आणि स्टेपनी ढकलून उकिरड्यापर्यंत नेली. लिंबू तिच्यामागं फेकलं. निघायच्या आधी तिनं फोन केला होता, त्याप्रमाणं इंद्रभाननं मोताळ्याला दुकान लवकर उघडलं होतं. दुसऱ्या एका जुन्या गाडीची पण खणखणीत रिम, तिच्यावर नवं टायर, हवा भरून तयार. त्यानं पूनमकडून आकडे वाचून घेतले. ह्याच वर्षाचे होते. डिक्की धुऊन त्यानं त्यात फिनाइलही ओतलं. वास पुरता गेला नाही, पण गाडी चालली.

वच्छलाबाई पुढच्या सीटवर बसली होती. मोताळा गेलं, राजूर गेलं, घाटाचं पहिलं वळण आलं, तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती. पूनमला वाटलं, तिच्या नवऱ्याला वाटेल तसं बोलले म्हणून म्हातारी रुसली.

"आत्याबाई, राग आला का माहा?"

वच्छलाबाईनं मान हलवली. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "नाही वं. तू दार उघडलं ना, त्याइले बसा म्हनलं ना, तवा मी मनातल्या मनात देवाले म्हनत होती, बसू दे बापा. फुटलं तं फुटलं. चाळीस वर्सांत एक डाव तरी बसू दे माह्यासाठी."

पूनमनं गिअर खाली घेतला. वळण मोठं होतं.