पोस्टमनकाकांची दाढी

अकरा फुगे फुटले, तेव्हा धाकट्याने वस्तरा खाली ठेवला.

"फुगवायला दम माझा लागतोय," पोस्टमनकाका म्हणाले. "तू कशाने दमलास?"

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज दुपारी दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं गोल करून बसत. काकांना सोडून एकवीस वर्षं झाली होती, धाकट्याला बेचाळीस दिवस. नवशिक्या न्हाव्याला साबण फासलेल्या फुग्यावर वस्तरा चालवायला लावतात, हे धाकटाच एकदा बोलण्याच्या ओघात सांगून बसला. दुसऱ्या दिवशी काका एक जुना वस्तरा आणि खिसाभर फुगे घेऊन हजर! दर फट्‌ आवाजाला गोलातल्या शिवणकामवाल्या बाई दचकायच्या आणि म्हणायच्या, "अहो, दारूतून वाचले, ते काय फुग्याने मरायला?"

धाकट्याला मात्र हसू येत नसे. दुकान दोघा भावांचं. गेल्या वर्षी धाकटा पिऊन कामावर आला आणि त्याने एका गिऱ्हाइकाचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत चिरला. थोरल्याने त्याचा वस्तरा खणात टाकून कुलूप लावलं. तेव्हापासून धाकट्याने केर काढायचा, फार तर केसांवर मशीन फिरवायचं. वस्तऱ्यावाचून न्हावी कसला? दारूची थरथर गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. आता उरली होती ती भीतीची.

काकांनी कधी उपदेश केला नाही. ते एवढंच सांगत, की दारूपायी त्यांची टपालाची पिशवी काढून घेतली होती, तेव्हा त्यांचे साहेब त्यांना रोज एकच पत्र द्यायचे. एक पत्र, एक घर. पिशवी परत मिळायला आठ महिने लागले.

फुगे सुरू झाल्यापासून काकांनी स्वतःची दाढी करणं सोडून दिलं होतं. "घरात अस्वल पाळलंय म्हणते तुझी काकू," ते सांगत आणि कराकरा खाजवत.

विसावा फुगा फुटला नाही. एकविसावाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात शिरले ते थेट धाकट्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका, इकडे या, मी करतो," थोरला म्हणाला.

"तुझ्याकडूनच करायची असती, तर महिनाभर खाजवत कशाला बसलो असतो?"

"आणि मान कापली म्हणजे?"

"मान माझी आहे. तुझं काय जातंय? काढ तो वस्तरा."

थोरल्याने हातातली कात्री खाली ठेवली. मग किल्ली काढली. वर्षभर पडून गंजला असेल, असं धाकट्याला वाटलं होतं. पण पातं लखलखत होतं.

कल्ले झाले, गाल झाले. थोरला पाठ करून टॉवेलच्या घड्या घालत होता. एकाच टॉवेलची त्याने चारदा घडी घातली. हनुवटीच्या वळणावर धाकट्याचा हात अडखळला आणि साबणात लाल ठिपका उमटला.

धाकट्याचा हात जागीच थिजला. टॉवेलही थांबला.

"फुगा असता तर फुटला असता," काका डोळे मिटूनच म्हणाले. "मी आहे अजून. तुरटी लाव आणि पुढे चल. अर्ध्या दाढीने घरी गेलो, तर काकू दार उघडायची नाही."

धाकट्याने तुरटी फिरवली, श्वास सोडला आणि मान पुढे केलेल्या त्या म्हाताऱ्याचा गळा सावकाश, कानापर्यंत साफ केला. पुढे कुठे साधा ओरखडाही उठला नाही.

काका आरशात गाल चाचपून बघत, कुणाचेही आभार न ऐकता निघून गेले. धाकट्याने वस्तरा पुसला आणि तो खणाकडे वळला.

"तिकडे कुठे?" थोरला म्हणाला. "तुझ्या आरशापाशी ठेव. आणि तेलपाणी, धार, सगळं आता तूच बघ. वर्षभर मीच करतोय."