दोरीवरच्या शेवया

मोगलाईत राहायला जायचं ठरलं तेव्हा माझ्या माहेरच्या बायकांनी असे चेहरे केले, जसं काही मी पुन्हा दिसणारच नव्हते. आमचं गाव वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. आम्ही जाणार ते जालना निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत. बैलगाडीनं जाता येईल एवढंच अंतर, पण मधे नाका होता, नाक्यापलीकडे नाणं वेगळं होतं आणि कचेरीतली भाषाही वेगळी होती.

जाफराबादच्या अलीकडे नाक्यावरच्या शिपायानं आमचं सामान उतरवलं. गव्हाचं पोतं सोडून पाहिलं आणि माझा शेवयांचा पाट उलटासुलटा करून त्याच्या खाचांवर नख ओढलं.

"लाकूड हाय ते भाऊ, तोफ न्हाई," मी म्हटलं.

आमच्या ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. परक्या राज्यात पाय टाकायच्या आत बायको तुरुंगात जाते की काय, अशी त्यांना धास्ती. ह्यांना जालन्यात कापसाची सरकी काढायच्या जिनात काम मिळालं होतं. मी सोबत आले, कारण मागं राहायचं तर जावेच्या हाताखाली राहायचं, आणि तिच्या हाताखाली मी चार वर्षं काढली होती. तेवढी एका जन्माला पुष्कळ झाली.

जालना पाहून मात्र माझी बोलती बंद झाली. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, धान्याच्या एवढ्या राशी! जुन्या जालन्यातल्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दारात जाऊन कडी वाजवली. गावात मला अंधारातसुद्धा वाट सापडायची, आणि इथं भरदिवसा मी वेड्यासारखी उभी राहायचे. फार लाज वाटायची.

आमच्या घरमालकीणबाई दुर्गाबाई. विधवा, कडक, आणि गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. खोली देताना त्यांनी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "रखमाजी, तुमी परमुलखातले. माझा नेम हाय. गल्लीतल्या दोन घरांनी 'ही बाई आपल्यातली' म्हणलं पायजे, तवा खोली पक्की. ईदीपतुर बघते. न्हाई तर मंग दुसरीकडं बघा."

दुसरीकडे बघायला आमच्यापाशी काय होतं? खोली गेली की हे जिनाच्या पडवीत निजणार आणि मी परत जावेकडे जाणार, हे ठरलेलं. दोन घरं म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्याच दिवशी आडावर गल्लीतल्या सोनूबाईनं माझी घागर मागं सरकवली. मी ती पुढं सरकवली. तिनं पुन्हा मागं घेतली. मग मी तिला जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गल्लीभर झालं. सोनूबाईनं त्याच दिवशी माझं नाव 'इंग्रजीवाली' ठेवलं. मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. समोरच्या बदरुन्निसा भाबी दारात दिसायच्या, बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्यांची दखनी बोली मला अर्धी कळायची, आणि अर्ध्या कळण्यावर काय बोलणार? मी आडावरून खाली मान घालून पाणी आणायचे आणि खोलीत येऊन भिंतीशी भांडायचे.

त्या साली पाडवा आणि ईद पाठोपाठ आली होती. पाडव्याच्या दोन दिवस आधी मी ठरवलं, कुणी बोलो न बोलो, शेवया करायच्या. गहू गावचा होता. रात्री रवा भिजवला, पहाटे कणीक तिंबली, पाट पोत्याला तिरका टेकवला आणि सुरू झाले. एका हातानं कणीक रेटायची, दुसऱ्या हातानं खाली उतरणारी धार अलगद धरायची. हे दोघींचं काम. एकटीनं करताना पाठीचा पार बोऱ्या वाजतो. पण शेवया अशा उतरल्या, अगदी केसासारख्या. मलाच माझा अभिमान वाटला.

आता वाळत कुठं घालायच्या? खोलीला ना अंगण, ना गच्ची. दार उघडून पाहते तर काय, गल्लीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नव्या कोऱ्या दोऱ्या! काल संध्याकाळी नव्हत्या. आमच्या गावात शेवयांच्या दिवसांत गल्लीत अशाच दोऱ्या बांधतात. त्या कुणा एकीच्या नसतात. जिच्या शेवया आधी झाल्या तिनं घालाव्यात. मी मनात म्हटलं, वा, शहर म्हणतात ते हे! उगाच नावं ठेवत होते मी.

ओट्यावर चढून मी एकेक दोरी भरली. सोनूबाई दारातून बघत होती. भाबी बघत होत्या. कुणी ब्र काढला नाही. काढणार कशा, माझ्याशी बोलणं बंद होतं ना! मी मारे ऐटीत दारात बसून कावळे हाकत राहिले.

ऊन वर चढलं आणि गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या कागदी पताकांचा भारा घेऊन एक शिपाई आला. कोणी बडे साहेब दौऱ्यावर येणार होते. दोऱ्या त्यांच्या स्वागताच्या होत्या.

शिपायानं वर पाहिलं आणि तो ओरडलाच. "ये किसकी सिवय्या हैं? चलो, चावडी पे चलो!" आणि त्यानं काठीनं पहिली दोरी खाली ओढायला घेतली. दोनचार शेवया तुटून धुळीत पडल्या.

चावडीवर गेले की खोलीही गेली. तरी मी उठले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्याआधी दुसरंच कुणीतरी कडाडलं.

"हात लावून तर बघ! अन्न पायाखाली घालतो व्हय रे?" सोनूबाई होती. पदर खोचून काठीच्या आणि दोरीच्या मधे उभी. "माझ्या हायेत त्या!"

मी म्हणणार होते की तिच्या नव्हेत. तिनं मला कडकडून चिमटा काढला. "तुला कळतं का काई? उगी ऱ्हाय."

"और वो?" शिपायानं दुसरी दोरी दाखवली.

"वो मेरे हैं," भाबी दारातून म्हणाल्या. "ईद के वास्ते डाली. क्या करते, करो."

मग प्रत्येक दोरीला एकेक मालकीण निघाली. शेवया रेटून रेटून पाठ मोडते म्हणजे काय, हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. शेवटची दोरी दुर्गाबाईंच्या खुंटीला होती. त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "माझ्या भिंतीला दोर बांधला, मला कुणी इचारलं व्हतं? साहेबाला खुशाल सांग, दुर्गाबाईनं इचारलंय म्हणून."

शिपाई थंड पडला. शेवया जल्दी काढा, एवढंच म्हणाला. सगळ्या बायकांनी ओळीनं शेवया उतरवल्या, हातांवर घेतल्या आणि आपापल्या घरात नेल्या. पताका लागल्या. साहेब मोटारीतून आले आणि इकडे तिकडे न बघता निघून गेले.

मी वाट बघत बसले. शेवया काही परत येईनात. पाडवा तसाच गेला. शेवटी मी कमरेवर हात ठेवून सोनूबाईच्या दारात गेले.

"माझ्या शेवया दे."

"तुझ्या?" ती हसली. "शिपायाला माझ्या म्हणून सांगितल्या. आता मलाच खोटी पाडती व्हय?"

मी खोलीत आले आणि हमसून हमसून रडले. माझ्यासाठी भांडल्या असं वाटलं होतं मला, आणि ह्या तर शेवयांसाठी भांडल्या! रागारागानं वळकटी बांधली, पाट पोत्यात घातला. दुसऱ्या दिवशी ईद होती. दुर्गाबाईंची मुदत संपत होती.

ईदेच्या सकाळी कडी वाजली. दारात बदरुन्निसा भाबी. हातात रुमालानं झाकलेलं मोठं ताट. त्यात माझ्या शेवया, एक तार न मोडलेली, शेजारी साखर, खारका आणि दुधाचा लोटा. ईदेला हिंदूंच्या घरी असा कोरा शिधा द्यायचा, म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या चुलीवर शिजवावा, अशी तिथली रीत. त्यांच्यामागं सोनूबाई, शेवया आणि गुळाचा खडा घेऊन. तिच्यामागं बाकीच्या.

"न्हाई तरी धूळ लागली व्हती," सोनूबाई म्हणाली. "वाळवून निवडून ठिवल्या. तुला धीर हाय का पण?"

दुर्गाबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी नेम मोडला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "बदरुन्निसा, ही बाई आपल्यातली का?"

"ईद की थाली परायों के घर ले जातों क्या मैं?" भाबी म्हणाल्या.

"सोनूबाई, तू?"

"भांडकुदळ हाय," सोनूबाई म्हणाली. "पर आपल्यातलीच."

दुर्गाबाईंची नजर माझ्या वळकटीवर गेली. "ती सोड मंग. चूल पेटव. एवढ्या बाया दारात हुभ्या हायेत, खीर कोण करनार?"

मी खीर केली. मोठं पातेलं दुर्गाबाईंनी दिलं. संध्याकाळी जिनातून येताना आमचे हे मान खाली घालून आले, खोली गेली असं धरूनच. दारात वाट्यांचा ढीग आणि बायकांचा गलका बघून ते चुकून दुसऱ्याच्या घरी आलो असं समजून मागं फिरले. मी हाक मारली. मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

पुढल्या साली शेवयांच्या दोऱ्या मी बांधल्या. दुर्गाबाईंच्या खुंटीला, त्यांना विचारून.